टेक्ससमध्ये रायफल खरेदीचं वय २१ होणार का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॅलसच्या उत्तरेला प्लेनो, फ्रिस्को, ॲलन, मकिनी या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत. त्यातली बरीचशी इथल्या सरकारी शाळा चांगल्या आहेत म्हणून इथे येऊन राहिली. कुठे गोळीबार झाला की या घरांमध्ये तेच प्रश्न पुन्हा निघतात: ते वयाचं बिल आलं होतं त्याचं काय झालं, आता तरी पास होईल का, आपण काही करू शकतो का. बातम्यांमधून याची उत्तरं तुकड्यातुकड्याने मिळतात, म्हणून ती इथे एकत्र लिहिली आहेत. मी तटस्थ नाही. हा कायदा व्हावा असं मला मनापासून वाटतं. पण तो होईल की नाही याचा अंदाज मी माझ्या इच्छेवरून बांधलेला नाही.

प्र. आधी सरळ उत्तर द्या. पास होणार का?

पुढचं नियमित अधिवेशन १२ जानेवारी २०२७ ला सुरू होईल. त्यात हे बिल मांडलं जाईल, हे जवळपास नक्की. कायदा होण्याची शक्यता मात्र फारच कमी आहे. बहुतेक ते मतदानाला येण्याआधीच संपेल. टेक्ससमध्ये बंदुकीवर निर्बंध घालणारी बिलं सभागृहात हरत नाहीत, ती सभागृहापर्यंत पोचूच दिली जात नाहीत. हे एकदा लक्षात आलं की बाकीच्या बातम्या नीट कळायला लागतात.

प्र. नेमकं कोणतं बिल? त्यात होतं काय?

सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं बिल म्हणजे २०२३ च्या अधिवेशनातलं हाउस बिल २७४४. २०२२ मध्ये जिथल्या शाळेत गोळीबार झाला ते युवाल्डी गाव ज्यांच्या मतदारसंघात येत होतं त्या ट्रेसी किंग या डेमोक्रॅटिक आमदारांनी ते मांडलं. मागणी अगदी मर्यादित होती. काढता-घालता येणारं मॅगझीन लागणारी आणि .२२ पेक्षा मोठ्या कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल २१ वर्षांखालच्या माणसाला विकू किंवा देऊ नये, एवढंच. शिकारीची साधी बोल्ट-ॲक्शन रायफल, शॉटगन, .२२ यांना हात लावलेला नव्हता. कुणाच्या घरातली बंदूक काढून घेण्याचा तर विषयच नव्हता. किंग स्वतः ग्रामीण भागातले, बंदुकींच्या बाजूने मतदान करत आलेले आमदार होते.

प्र. १८ व्या वर्षी दुकानातून पिस्तूल मिळत नाही पण रायफल मिळते, हे खरं आहे?

खरं आहे. केंद्राच्या कायद्यानुसार परवानाधारक दुकानदार २१ वर्षांखालच्या माणसाला पिस्तूल विकू शकत नाही, पण रायफल आणि शॉटगन १८ पूर्ण झालेल्याला विकू शकतो. (पिस्तुलावरच्या या बंदीचा कोर्टातला वाद पुढे येईल.) टेक्ससने त्यावर स्वतःची वेगळी मर्यादा घातलेली नाही.

युवाल्डीत याच फटीतून काय घडलं ते तारखांसकट बघा. हल्लेखोर १६ मे २०२२ ला १८ वर्षांचा झाला. १७ तारखेला त्याने पहिली एआर पद्धतीची रायफल कायदेशीररीत्या घेतली, २० तारखेला दुसरी. २४ मे ला तो रॉब एलिमेंटरी शाळेत शिरला. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. वाढदिवस ते हल्ला यात अवघे आठ दिवस. ‘वय वाढवा’ ही मागणी या आठ दिवसांतून आली आहे, म्हणून ती इतकी नेमकी आहे.

तुलनेसाठी सांगायचं तर भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यासाठी किमान वय २१ आहे, आणि तेही परवाना मिळाला तर.

प्र. पण २०२३ मध्ये कमिटीने ते मंजूर केलं होतं ना? मग अडलं कुठे?

या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजून घ्या. सगळी गंमत, खरं तर सगळं दुःख, इथेच आहे.

बिल हाउसच्या, म्हणजे कनिष्ठ सभागृहाच्या, ‘कम्युनिटी सेफ्टी’ नावाच्या खास कमिटीकडे गेलं. अध्यक्ष होते रिपब्लिकन आमदार रायन गियेन. १८ एप्रिलला सुनावणी ठेवली. युवाल्डीचे आई-वडील सकाळपासून ऑस्टिनच्या कॅपिटॉलमध्ये बसून होते. त्यांचा नंबर लागायला तेरा तासांहून जास्त वेळ गेला, आणि साक्षी मध्यरात्रीनंतरही चालू राहिल्या. आपल्या मुलांबद्दल बोलायला आलेल्या माणसांना ताटकळत ठेवलं, हे मला आजही सहन होत नाही. पण प्रक्रियेच्या दृष्टीने पुढचं जास्त महत्त्वाचं आहे: सुनावणीनंतर बिल तसंच पडून राहिलं. मतदान नाही. एप्रिल संपला, मे उजाडला.

६ मे ला, शनिवारी, ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये गोळीबार झाला. आठ जण गेले. त्यात मकिनीत राहणारी, हैदराबादहून आलेली एक तरुण भारतीय इंजिनिअरही होती. आपल्यातल्या बहुतेकांनी त्या मॉलमध्ये शाळेचे बूट घेतलेले आहेत.

सोमवारी, ८ मे ला, युवाल्डीची कुटुंबं पुन्हा ऑस्टिनला आली. सभागृहाबाहेर ‘रेज द एज’च्या घोषणा झाल्या. त्या दिवसापर्यंत मत घ्यायचा कमिटीचा विचार दिसत नव्हता, पण त्याच दुपारी मत घेतलं गेलं. ८ विरुद्ध ५, बिल मंजूर. सॅम हार्लेस आणि जस्टिन हॉलंड या दोन रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिलं. खोलीतली माणसं एकमेकांना मिठी मारून रडली. टीव्हीवर ती दृश्यं पाहून अनेकांना वाटलं की झालं, आता होणार.

तेव्हा कॅलेंडर बघायला हवं होतं. अधिवेशन १४० दिवसांचं असतं. हाउसमध्ये जन्मलेल्या बिलांना पहिल्यांदा सभागृहासमोर आणायची शेवटची यादी १२० व्या दिवशी रात्री १० वाजेपर्यंत निघावी लागते. २०२३ मध्ये तो दिवस होता ९ मे. म्हणजे कमिटीतल्या मतानंतर हातात जेमतेम एक दिवस उरला होता. त्या एका दिवसात कमिटीचा अहवाल तयार व्हायचा, तो वाटला जायचा, मग ‘कॅलेंडर्स’ नावाच्या दुसऱ्या कमिटीने ते बिल यादीत घ्यायचं. तिने घेतलं नाही. रात्रीचे दहा वाजले आणि बिल संपलं. १५० आमदारांपैकी १३७ जणांना या प्रश्नावर हो की नाही हे कधीच सांगावं लागलं नाही.

प्र. ही कॅलेंडर्स कमिटी एवढी ताकदवान कशी?

टेक्सस हाउसमध्ये कोणतं बिल कोणत्या दिवशी सभागृहात येणार हे ती ठरवते. तिचे सदस्य आणि अध्यक्ष स्पीकर नेमतो. बिल नाकारण्यासाठी तिला ठराव करावा लागत नाही. नुसतं हातात घेतलं नाही की पुरे.

२०२३ मध्ये तिचे अध्यक्ष होते डस्टिन बरोज. हेच बरोज २०२२ मध्ये युवाल्डीच्या चौकशी समितीचे अध्यक्ष होते. ३७६ पोलीस आणि सुरक्षा कर्मचारी तिथे पोचूनही ७७ मिनिटं हल्लेखोराला कुणी गाठलं नाही, हे तपशीलवार मांडणारा अहवाल त्यांच्याच समितीने १७ जुलै २०२२ ला दिला. तो अहवाल प्रामाणिक आहे, वाचावा असा आहे. आणि २०२५ पासून बरोज हाउसचे स्पीकर आहेत. म्हणजे काय घडलं याची सगळ्यात सविस्तर माहिती असलेला माणूसच आज दाराशी उभा आहे. माहितीअभावी हा कायदा अडलेला नाही.

प्र. आपल्याकडे सरकारने बिल आणलं की ते पास होतंच. इथे गव्हर्नरचा पक्ष बहुमतात असूनही इतकी अनिश्चितता का?

कारण इथे ‘सरकारी बिल’ असा प्रकारच नाही. मुंबईत किंवा दिल्लीत मंत्रिमंडळ बिल आणतं, बहुमत त्याच्या मागे असतं, व्हिप निघतो. सदस्याने वैयक्तिकरीत्या आणलेल्या बिलांचं मात्र काय होतं? स्वातंत्र्यानंतर आपल्या संसदेत अशी फक्त १४ बिलं कायदा झाली, शेवटचं १९७० मध्ये. टेक्ससमध्ये सगळीच बिलं आमदारांची वैयक्तिक. २०२३ मध्ये आठ हजारांहून जास्त आली आणि साधारण साडेबाराशे पास झाली. म्हणून ‘अमुक आमदाराने कडक बिल आणलं’ या बातमीला फार वजन देऊ नका. बिल मांडायला कुणाचीच परवानगी लागत नाही. ते पुढे सरकायला मात्र स्पीकर, कमिटीचा अध्यक्ष, कॅलेंडर्स, लेफ्टनंट गव्हर्नर आणि गव्हर्नर या सगळ्यांची लागते, आणि यातल्या कुणीही एकाने नाही म्हटलं तरी काम संपतं.

प्र. समजा हाउसमध्ये पास झालंच, तर पुढे?

पुढे सेनेट, म्हणजे वरिष्ठ सभागृह, आणि तिथला रस्ता आणखी अरुंद. सेनेटचा कारभार लेफ्टनंट गव्हर्नर चालवतात. २०१५ पासून ते डॅन पॅट्रिक आहेत. बिल कोणत्या कमिटीकडे द्यायचं हे तेच ठरवतात. शिवाय ३१ पैकी १८ सदस्यांची संमती असल्याशिवाय सहसा कोणतंही बिल सेनेटच्या पटलावर येत नाही. २०२५ मध्ये सेनेटमध्ये रिपब्लिकन २० होते, डेमोक्रॅट ११. म्हणजे सगळे डेमोक्रॅट धरूनही सात रिपब्लिकन लागतील. युवाल्डीचे सेनेटर रोलंड गुटिएरेझ यांनी २०२३ मध्ये या विषयावर एकामागून एक बिलं मांडली. सेनेटने एकही पुढे नेलं नाही.

एक गोष्ट पॅट्रिक यांच्याबद्दल सांगायला हवी. ऑगस्ट २०१९ मध्ये एल पासोच्या वॉलमार्टमध्ये २३ आणि मिडलंड-ओडेसात ७ माणसं मारली गेली. त्यानंतर अनोळखी माणसांमधल्या खासगी विक्रीवरही पार्श्वभूमी तपासणी असावी, असं त्यांनी उघड म्हटलं, नॅशनल रायफल असोसिएशनची नाराजी पत्करूनही. पुढे २०२१ चं अधिवेशन आलं. ते बिल झालंच नाही. उलट विनापरवाना पिस्तूल बाळगून फिरायची मुभा देणारा कायदा झाला, तो १ सप्टेंबर २०२१ पासून लागू आहे. शोकसभेतल्या बोलण्यावर मी फार का विसंबत नाही, ते यावरून कळेल.

प्र. आणि गव्हर्नर?

ग्रेग ॲबट यांनी ऑगस्ट २०२२ पासूनच हे वय वाढवणं घटनाबाह्य ठरेल अशी भूमिका घेतली आहे. दोन्ही सभागृहांतून बिल गेलं तरी ते नकाराधिकार वापरू शकतात. विशेष अधिवेशन बोलवायचा हक्कही फक्त गव्हर्नरचा, विषयही तेच ठरवतात. युवाल्डीनंतर कुटुंबांनी ती मागणी वारंवार केली. अधिवेशन बोलावलं गेलं नाही.

प्र. लोकांचा तर पाठिंबा आहे म्हणतात. मग आमदार कुणाला घाबरतात?

पाठिंबा आहे. टेक्सस विद्यापीठाच्या जनमत चाचण्यांत युवाल्डीनंतर बहुसंख्य लोकांनी वय २१ करण्याच्या बाजूने कौल दिला, त्यात रिपब्लिकन मतदारही होते. पण आमदार निवडून येतो तो चाचणीतल्या लोकांमधून नव्हे. बहुतेक मतदारसंघ असे आखलेले आहेत की नोव्हेंबरमध्ये कुठला पक्ष जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. खरी निवडणूक मार्चमधली प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. मार्च २०२२ मध्ये दोन्ही पक्षांच्या प्रायमऱ्या मिळून नोंदणी झालेल्या मतदारांपैकी पाचातल्या एकानेही मत दिलं नाही. जे देतात त्यांत बंदुकीच्या प्रश्नावर अजिबात न हलणारे लोक प्रमाणापेक्षा जास्त असतात. आमदार त्यांचाच हिशेब करतो.

उदाहरणं समोर आहेत. कमिटीत बाजूने मत देणारे जस्टिन हॉलंड मे २०२४ च्या प्रायमरीच्या दुसऱ्या फेरीत हरले. न्यायाने सांगायचं तर त्यांच्यावर राग फक्त या मताचा नव्हता. शाळांच्या व्हाउचर योजनेला विरोध आणि ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्यावरचा महाभियोग ही मोठी कारणं होती. पण विरोधकांनी हे मतही वापरलं. केंद्रातलं बघा. जून २०२२ मध्ये वॉशिंग्टनला दोन्ही पक्षांनी मिळून एक मर्यादित बंदूक कायदा केला, त्यासाठी वाटाघाटी केल्या टेक्ससचे केंद्रातले सेनेटर जॉन कॉर्निन यांनी. त्याच महिन्यात ह्यूस्टनला स्वतःच्या पक्षाच्या अधिवेशनात त्यांची हुर्यो झाली. युवाल्डीचे काँग्रेसमन टोनी गोन्झालेस यांनी त्या कायद्याला मत दिलं, तर मार्च २०२३ मध्ये राज्य पक्षाने त्यांच्यावर निषेधाचा ठराव केला.

मला हार्लेस आणि हॉलंड या दोन रिपब्लिकन कमिटी सदस्यांबद्दल आदर आहे. त्यांना काय किंमत पडू शकते हे माहीत होतं.

प्र. निदान युवाल्डीच्या मतदारांनी तरी धडा शिकवला असेल?

नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये युवाल्डी काउंटीत ॲबट मोठ्या फरकाने जिंकले. २०२४ मध्ये ट्रेसी किंग पुन्हा उभे राहिले नाहीत आणि त्यांची जागा रिपब्लिकन डॉन मॅक्लॉक्लिन यांनी जिंकली. हल्ल्याच्या वेळी ते युवाल्डीचे महापौर होते. आमदार झाल्यावर त्यांनी ‘युवाल्डी स्ट्राँग’ कायदा आणला, तो २०२५ मध्ये पासही झाला. तो पोलिसांच्या तयारीबद्दल आणि समन्वयाबद्दल आहे, बंदुकीबद्दल नाही.

यावरून त्या गावाला दोष द्यायची घाई करू नये. तिथे बंदूक घरोघर आहे, शेतीवाडीतली वस्तू आहे. शोक आणि मत या दोन गोष्टी एकाच माणसात वेगवेगळ्या राहू शकतात. पण अंदाज बांधताना हे धरायलाच हवं: सगळ्यात जास्त सोसलेल्या मतदारसंघातूनही या बिलाला आता घरचा आमदार उरलेला नाही.

प्र. फ्लोरिडात तर रिपब्लिकनांनीच वय वाढवलं. ते कसं जमलं?

१४ फेब्रुवारी २०१८ ला पार्कलंडच्या शाळेत १७ जण मारले गेले आणि ९ मार्चला गव्हर्नर रिक स्कॉट यांनी कायद्यावर सही केली. मधे चार आठवडेही गेले नाहीत. दोन गोष्टी जुळल्या होत्या. एक, त्या वेळी विधिमंडळाचं अधिवेशन चालू होतं. पार्कलंडची मुलं बसने थेट राजधानीत, टॅलाहसीला पोचली आणि आमदार तिथेच होते. युवाल्डी घडलं मे २०२२ मध्ये. टेक्ससचं विधिमंडळ दोन वर्षांतून एकदा, विषम वर्षी भरतं. म्हणजे आमदार ऑस्टिनला जमायला साडेसात महिने होते. दोन, फ्लोरिडात गव्हर्नर आणि सभागृहांचे प्रमुख स्वतः पुढे आले. तरीही सेनेटमधलं मतदान २० विरुद्ध १८ इतकं काठावरचं झालं.

आता उलट बाजूही बघा. अलीकडच्या वर्षांत फ्लोरिडाच्या हाउसने हे वय पुन्हा १८ करायचं बिल एकाहून अधिक वेळा पास केलं. तिथल्या सेनेटने ते हातातच घेतलं नाही. ज्या यंत्रणेने टेक्ससमध्ये कायदा होऊ दिला नाही, तशाच यंत्रणेने फ्लोरिडात झालेला कायदा वाचवला.

प्र. मग सरळ जनमत का घेत नाहीत?

टेक्ससच्या राज्यघटनेत नागरिकांनी सह्या गोळा करून राज्याचा कायदा मतदानाला टाकायची सोय नाही. वॉशिंग्टन राज्यात ती आहे, आणि तिथल्या मतदारांनी २०१८ मध्ये सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं वय २१ केलंही. मेन राज्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘रेड फ्लॅग’ कायदा, म्हणजे धोकादायक वाटणाऱ्या माणसाकडची बंदूक कोर्टाच्या आदेशाने काही काळ काढून घेण्याचा कायदा, असाच झाला. इथे तो दरवाजाच नाही.

प्र. कायदा झालाच तर कोर्टात टिकेल का?

इथे विरोधकांच्या म्हणण्यात दम आहे, हे मान्य करायला हवं. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात सांगितलं की बंदुकीवरचा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेशी जुळला पाहिजे. लगेच ऑगस्टमध्ये फोर्ट वर्थच्या केंद्रीय न्यायाधीशांनी १८ ते २० वयाच्या लोकांना पिस्तूल बाळगून फिरायला मनाई करणारा टेक्ससचा नियम रद्द केला. राज्याने अपीलही शेवटपर्यंत नेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये टेक्सस ज्याच्या हद्दीत येतं त्या पाचव्या सर्किट या केंद्रीय अपील कोर्टाने त्याच वयोगटाला दुकानातून पिस्तूल विकण्यावरची केंद्राची बंदी घटनाबाह्य ठरवली. दोनच महिन्यांनी अकराव्या सर्किटने फ्लोरिडाचं २१ वय वैध ठरवलं. सर्वोच्च न्यायालय हा वाद मिटवत नाही तोवर ऑस्टिनमधल्या कुठल्याही आमदाराला ‘मला मान्य आहे हो, पण कोर्टात टिकणार नाही’ असं म्हणून सुटता येतं.

प्र. हा कायदा असता तर ॲलन टळलं असतं का?

नाही. ॲलनचा हल्लेखोर ३३ वर्षांचा होता. एल पासोचा २१ चा. २०१८ मध्ये सँटा फे शाळेत १० जणांना मारणारा मुलगा १७ वर्षांचा होता आणि त्याने वडिलांच्या बंदुका वापरल्या. तिथे प्रश्न खरेदीचा नव्हता, घरात बंदूक कुलपात ठेवण्याचा होता. हा कायदा युवाल्डीसारख्या घटनेसाठी आहे. तो सगळ्यावर उपाय आहे असं सांगणारा समर्थक चूक करतो, कारण मग पहिलंच अपवादाचं उदाहरण दाखवून विरोधक वाद जिंकतात.

प्र. २०२३ नंतर काहीच बदललं नाही?

बदललं, पण बहुतेक उलट दिशेने. २०२३ मध्येच प्रत्येक शाळेत सशस्त्र अधिकारी ठेवणं बंधनकारक झालं. अल्पवयीनांच्या मानसिक आजाराच्या न्यायालयीन नोंदी केंद्राच्या तपासणी यंत्रणेकडे पाठवण्याचा कायदाही झाला. हे छोटं पण खरं पाऊल होतं. २०२५ मध्ये मात्र रेड फ्लॅग पद्धतीचे आदेश टेक्ससमध्ये लागूच होऊ नयेत असा कायदा करण्यात आला.

प्र. २०२७ मध्ये बातम्यांत नेमकं काय पाहायचं?

चार तारखा भिंतीवर लावा. ९ नोव्हेंबर २०२६ पासून बिलं आगाऊ दाखल करता येतील. १२ मार्च २०२७ हा ६० वा दिवस, बिल दाखल करण्याची साधारण मुदत. ११ मे हा १२० वा दिवस. ३१ मे ला अधिवेशन संपेल.

बिल कोणत्या कमिटीकडे गेलं आणि सुनावणी कधी लागली, हे बघा. मार्चमध्ये सुनावणी लागली तर कुणीतरी ते मनावर घेतलंय. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लागली तर २०२३ ची आठवण ठेवा. रिपब्लिकन सह-प्रस्तावक किती आहेत ते मोजा. तेच बिल सेनेटमध्येही एखाद्या रिपब्लिकनने मांडलं असेल, तर मी माझा अंदाज बदलेन. नुसती भाषणं, मोर्चे, मेणबत्त्या यावरून बदलणार नाही, कितीही मन भरून आलं तरी.

प्र. आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. आम्हाला यात काय करता येतं?

मत देता येत नाही, आणि कोणत्याही उमेदवाराला देणगी देणंही बेकायदा आहे. हे नीट लक्षात ठेवा. चांगल्या भावनेने दिलेले वीस डॉलरही महागात पडतील. पण आमदाराच्या ऑफिसला फोन करणं, पत्र लिहिणं, कमिटीसमोर साक्ष देणं याला नागरिकत्व लागत नाही. तुम्ही त्यांच्या मतदारसंघात राहता, तुमची मुलं तिथल्या शाळेत जातात, एवढं पुरे.

स्वतः बंदूक घेण्याचा विचार असेल तर थांबा. व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्राच्या कायद्याने सर्वसाधारण मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय शूटिंग रेंजवरच्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. ग्रीन कार्ड असेल तर ही मनाई लागू होत नाही.

प्र. आणि जे नागरिक झालेत?

मार्चच्या प्रायमरीत मत द्या. आपल्यातले खूप जण नागरिकत्व मिळाल्यावर नोव्हेंबरमध्ये हौसेने रांग लावतात आणि मार्चमध्ये घरी बसतात. टेक्ससमध्ये पक्षाची नोंदणी नसते. मतदार यादीत नाव असलं की दोन्हींपैकी कुठल्याही एका पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. नाव नोंदवायची मुदत निवडणुकीच्या ३० दिवस आधी संपते. आपल्या या पट्ट्यातल्या कॉलिन काउंटीत काही जागांवर निकाल थोडक्या मतांनी लागतात, आणि या काउंटीत आपली संख्या आता थोडकी नाही.

प्र. दुकानांच्या आणि मंदिरांच्या दारावर ‘३०.०६’ अशी पाटी असते, ती याच कायद्याची का?

नाही, ती आधीपासूनची. ३०.०६ म्हणजे लपवलेली पिस्तूल घेऊन आत येऊ नका, ३०.०७ म्हणजे उघड दिसणारी घेऊन येऊ नका. पाटीवरचा मजकूर कायद्यात शब्दशः दिलेला आहे. तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत हवा, अक्षरं किमान एक इंच उंचीची आणि दुरून वाचता येतील अशा रंगात. अर्धी खरवडलेली किंवा कुंडीआड गेलेली पाटी उपयोगाची नाही. आपल्या मंडळाचा कार्यक्रम एखाद्या हॉलमध्ये असेल तर आयोजकांनी ही पाटी आधी जाऊन पाहून घ्यावी.

प्र. मुलं मित्राकडे राहायला जातात. त्या घरी बंदूक आहे का, हे विचारणं बरं दिसतं का?

विचारा. ॲलर्जी सांगतो त्याच सुरात विचारा: ‘घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?’ इथल्या लोकांना या प्रश्नाचा राग सहसा येत नाही. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं टेक्ससमध्ये गुन्हा आहेच. तो कायदा आज लागू आहे, त्यासाठी २०२७ ची वाट बघायला नको.

प्र. ऑस्टिनला न जाता साक्ष देता येते का?

तोंडी साक्षीला जावं लागतं. कॅपिटॉलमध्ये पोचल्यावर तिथल्या यंत्रावर नाव नोंदवायचं. बोलायला दोन-तीन मिनिटं मिळतात, म्हणून एकच मुद्दा धरा आणि कागदावर लिहून न्या. खायला-प्यायला आणि फोनचा चार्जर जवळ ठेवा, नंबर रात्री उशिरा लागू शकतो. जाणं शक्य नसेल तर हाउस कमिटीच्या सुनावणीसाठी टेक्ससच्या रहिवाशांना ऑनलाइन लेखी मत देता येतं. सुनावणीची सूचना विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येते. बिल क्रमांक टाकून ईमेल सूचना चालू केली की तारीख आपोआप कळते. २०२७ मध्ये बिलाला नवा क्रमांक मिळेल, २७४४ शोधत बसू नका.